कॉम्पोट कशाचं करावं: करवंदाचं, जांभळाचं की स्ट्रॉबेरीचं?

मे सरत आला की कोकणातल्या बाजारात करवंदांचे वाटे आणि जांभळांच्या टोपल्या काही दिवस शेजारीशेजारी असतात. गोठवलेली स्ट्रॉबेरी तर शहरातल्या दुकानांत बारमाही मिळते. आईस्क्रीम, कस्टर्ड किंवा खरवसावर घालायला घरीच कॉम्पोट, म्हणजे थोड्या साखरेत शिजवलेलं फळ, करायचं असेल, तर माझी पहिली पसंती करवंदाला. मात्र ते श्रीखंडावर घालायचं असेल, तर जांभळाचाही विचार करा.

जॅमला फळाच्या जवळपास वजनाइतकी साखर लागते. कॉम्पोटला अर्धा किलो गराला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम पुरते आणि शिजवायचंही जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्यामुळे ते फ्रीजमध्ये आठवडाभरच टिकतं. शिवाय फळाचे गुणदोष साखरेखाली झाकले जात नाहीत, म्हणून कोणतं फळ घेतलं याला फार महत्त्व येतं.

करवंदात कॉम्पोटला हवं ते सगळं आधीच असतं. आंबटपणा भरपूर, त्यामुळे लिंबू पिळावं लागत नाही. पेक्टिन, म्हणजे फळाला दाटपणा देणारं द्रव्य, तेही चांगलं, आणि कच्च्या फळात ते जास्त. म्हणून काळ्याभोर करवंदांत मूठभर लालसर, अर्धकच्ची मिसळा. गार झाल्यावर कॉम्पोट आपोआप दाट होतं, कॉर्नफ्लोअर लागत नाही. कॉर्नफ्लोअरने चकाकी जाते आणि चव पिठूळ होते, मला ते अजिबात पटत नाही. रंगही करवंदाचा खरा. जांभळा-लाल रंग देणारी द्रव्यं आंबटपणात तेजस्वी राहतात, त्यामुळे नारळाच्या दुधाच्या पुडिंगवर ओतलं तरी करवंदाचा लाल सहसा टिकतो. तेच जांभळाचं कॉम्पोट तिथे राखाडीकडे झुकतं.

त्रास आहे तो चिकाचा आणि बियांचा. देठ काढताना बोटांना आणि सुरीला चीक चिकटतो. आधी हाताला खोबरेल लावावं आणि देठ काढलेली फळं दोन-तीन पाण्यांतून धुवावीत. बिया एकेक काढत बसू नका. अर्धा किलो करवंदं अर्धा कप पाण्यात फुटेपर्यंत शिजवा, कोमट झाली की पुरणयंत्रातून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून दाबून काढा, मग गरात साखर घालून पुन्हा आटवा. अख्खी फळं दिसायला हवी असतील तर थोडी करवंदं चिरून, बिया काढून शेवटच्या पाच मिनिटांत सोडा. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत किंवा कल्हई नसलेल्या पितळेत इतकं आंबट फळ शिजवलं तर चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

जांभळाचा प्रश्न तुरटपणाचा. तो टॅनिनमुळे येतो आणि आटवल्यावर आणखी जाणवतो. पण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून चक्का, श्रीखंड, खरवस किंवा साय यांच्याबरोबर तुरटपणा मऊ पडतो आणि जांभळाचा खास वास पुढे येतो. श्रीखंडावर मी करवंदाऐवजी जांभूळच घेईन, कारण आंबट चक्क्यावर पुन्हा आंबट फळ नको वाटतं. पालघरच्या बहाडोलीची जांभळं मिळाली तर उत्तम. ती मोठी आणि गरदार असतात, आणि त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. छोट्या रानजांभळांत बीच जास्त, मेहनतीच्या मानाने गर थोडा. फळं किंचित वाफवून हाताने कुस्करली की बी सुटते. मिक्सर लावू नका, बी फुटली तर सगळा घाणा कडवट होतो. साखरेबरोबर चिमूटभर मीठ आणि चमचाभर कोकमाचं आगळ घातलं तर रंगही खुलतो. आगळ खारट असेल तर मीठ वगळा.

स्ट्रॉबेरी सगळ्यांत सोपी. बी काढायला नको, चीक नाही, मुलांना लगेच आवडते. महाबळेश्वरची ताजी फळं हिवाळ्यात मिळतात, तेव्हा जरूर करा. गोठवलेली मात्र वितळताना पाणी सोडते आणि तिच्यात पेक्टिन कमी. म्हणून आधी सुटलेलं पाणी साखर घालून निम्मं आटवा, मग फळ घाला, शेवटी लिंबू. एवढं करूनही चार दिवसांत रंग फिका पडतो. पावसाळ्यात अचानक पाहुणे आले तर ती हाताशी बरी, पण मे महिन्यात दारात करवंदं असताना नाही.

हंगामाबाहेर हवं असेल तर करवंदाचाच गाळलेला गर, साखर न घालता, छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. गणपतीत पाहुण्यांसाठी एक डबा काढून साखर घाला, दहा मिनिटं उकळा. फ्रीजरमध्ये जागा एकाच फळापुरती असेल तर जांभूळ ताजंच खाऊन संपवा.