जर्मन शिकायचं पेड ॲप: सहा-सात महिने वापरून झाल्यावर

ॲपचं नाव टाकत नाहीये, असली सगळी ॲप्स थोड्याफार फरकाने सारखीच असतात. ए-वनची, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा द्यायची होती म्हणून वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं.

शब्द पाठ करायला झकास. लोकलमध्ये उभ्या उभ्या होतं, विसरलेले शब्द आपोआप परत समोर येतात, त्याला पैकीच्या पैकी.

वैताग आहे तो व्याकरणाचा. सगळं इंग्रजीतून समजावतात, त्यामुळे आपल्याला सोपं जाणाऱ्या गोष्टींचाही उगाच बाऊ होतो. तीन लिंगं आहेत म्हणून केवढी ती प्रस्तावना, अहो तो-ती-ते आम्ही बालवाडीच्या आधीपासून बोलतोय! 'वाइल' आलं की क्रियापद शेवटी जातं यावर अख्खा धडा, आणि वाक्य काय तर 'वाइल इश म्यूडं बिन', म्हणजे 'कारण मी दमलेली आहे', क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. एकवीसमध्येही एक आधी, वीस नंतर, सेम टू सेम.

जिथे खरंच अडतं तिथे मात्र ॲप गप्प. नामाच्या आधी पुल्लिंगी असेल तर डेर, स्त्रीलिंगी तर डी, नपुंसक तर डास लागतं; आता चमचा डेर, काटा डी, सुरी डास, यात लॉजिक शोधू नका, पाठच करा. पण शब्दाच्या शेवटी 'उंग' लागलेलं असलं की स्त्रीलिंगी, लाडाचं 'शेन' लागलं की नपुंसक (म्हणून मुलगी असून 'डास मेटशेन', आपलं 'ते पोरगं' असतं ना, तसंच) एवढं तरी सांगायचं की नाही? हे मला क्लासच्या मॅडमकडून कळलं. विभक्तीप्रमाणे डेरचं डेन कधी आणि डेम कधी होतं, ते तर चार पर्यायांतून अंदाजपंचे टिक करूनही पुढची लेव्हल उघडते, मग लिहायला बसलं की पेन हलत नाही.

उच्चारांचं तर विचारूच नका. त्यांचा झेड आपल्याला फुकटात येतो, चाकातला च म्हणा की झालं. ओ-वरच्या दोन टिंबांचं तसं नाही, ओठ ओ-चे ठेवून जीभ ए-ची लागते, ते कोणीतरी तोंडाकडे बघूनच सुधारायला हवं. 'शोन' म्हणजे आधीच, 'श्योन' म्हणजे सुंदर. मी मुद्दाम माईकमध्ये 'श्योन'च्या जागी 'शोन' म्हणून बघितलं, हिरवी टिक आणि वर टाळ्या. शब्दाच्या शेवटी ड असला की ट होतो, ग चा क होतो, 'टाग' (दिवस) नाही 'टाक', त्यावरही एक शब्द नाही.

रिन्यू करणार नाही. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए-वन ते बी-वन (तिसरी पातळी) व्हिडिओ कोर्स पूर्ण फुकट आहे, ऐकायची सवय त्याने जास्त झाली, शब्दांसाठी या ॲपचं फ्री व्हर्जन पुरतं. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी महिन्याचं घ्या, वर्षाचं नको, आणि ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद करून टाका.