देवबंद घ्यावं की अलिगढ? प्रबंधाचा विषय ठरवताना

एकोणिसाव्या शतकातली मुस्लिम धर्मसुधारणा हा विषय एम.ए.च्या प्रबंधासाठी घेतला की पहिला प्रश्न येतो: देवबंदचा मदरसा की सर सय्यद यांचं अलिगढचं कॉलेज? पाठोपाठ ठरलेलं वाक्यही येतं, देवबंद म्हणजे जुनं आणि अलिगढ म्हणजे नवं. ते धरून विषय निवडलात तर दोन्हीकडे फसाल.

१८५७ मध्ये दिल्ली पडली आणि जुन्या विद्येला पोसणारे दरबारही गेले. त्यानंतर १८६६ साली सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंद गावी, छत्ता मशिदीच्या अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली मदरसा सुरू झाला. एक शिक्षक, मुल्ला महमूद, आणि पहिला विद्यार्थी महमूद हसन, अशी आठवण संस्थेत आजही सांगतात. संस्थापकांतलं मुख्य नाव मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी. त्यांनी घालून दिलेले आठ नियम जरूर वाचा. कायमचं उत्पन्न नको, सरकार आणि श्रीमंतांचा हात नको, साध्या माणसांची वर्गणी बरी! शिकवायचं ते जुनंच, कुराण, हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी), हनफी फिक्ह (हनफी पंथाचं धर्मशास्त्र). पण वर्ग, वार्षिक परीक्षा आणि देणगीदारांच्या याद्यांसह छापलेले अहवाल ही घडी इंग्रजी अमदानीतली. ही मंडळी दर्ग्यांवरच्या चालीरीती आणि लग्नातल्या उधळपट्टीवर तुटून पडत, विधवांच्या पुनर्विवाहाचा आग्रह धरत. मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा वाटेल.

सर सय्यद अहमद खान यांचा पिंड वेगळा. कंपनी सरकारच्या न्यायखात्यातला हा माणूस. १८५७ मध्ये बिजनौरला त्यांनी इंग्रजांचे जीव वाचवले आणि नंतर बंडाची कारणं लिहून सरकारलाच चुका दाखवल्या. विलायतेहून परतल्यावर १८७० मध्ये ‘तहजीब-उल-अखलाक’ हे नियतकालिक काढलं, १८७५ मध्ये अलिगढला शाळा, मग कॉलेज. निसर्गनियम हे ईश्वराचं कार्य आणि कुराण ही ईश्वराची वाणी, दोन्हींत विरोध असूच शकत नाही, असं ते म्हणत. चमत्कारांचा अर्थही ते बुद्धीला पटेल असा लावत. विरोधकांनी त्यांना ‘नेचरी’ (इंग्रजी ‘नेचर’वरून, निसर्गवादी) म्हणून हिणवलं, फतवे निघाले.

गंमत पुढे आहे. हा विचार त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात शिकवला गेलाच नाही. पालक बिथरतील, वर्गणी आटेल, म्हणून धर्मशिक्षण परंपरागत उलेमांकडे सोपवलं. ते खातं सांभाळायला पुढे आले अब्दुल्ला अन्सारी, म्हणजे चक्क नानौतवींचे जावई! मुलींच्या शाळेबाबतही सर सय्यद ‘आधी मुलगे’ म्हणत राहिले. अलिगढला ती शाळा निघाली १९०६ मध्ये, त्यांच्यामागे, शेख अब्दुल्लांच्या (काश्मीरचे नेते ते वेगळे) खटपटीने.

राजकारणात तर पाट्या पार उलट्या होतात. १८८७ मध्ये मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते सर सय्यदना रुचलं नाही; मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावं असं त्यांचं मत. दोघांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे; मला त्यात तय्यबजी जास्त पटतात. उलट देवबंदचे ते पहिले विद्यार्थी महमूद हसन इंग्रजांविरुद्धच्या कटापायी माल्टात कैदेत पडले.

आता निवड. उर्दू येत नसेल तर मुकाट्याने सर सय्यद घ्या; इंग्रजीत साहित्य भरपूर आहे. फक्त कॉलेज आणि त्यांची धर्मचिकित्सा एकाच प्रकरणात कोंबू नका. उर्दू वाचता येत असेल तर मी देवबंद सुचवेन, आणि तेही सगळं नको. नुसती वर्गणी घ्या. पैसा कुठून आला हे कळलं की फतवा कुणाच्या जोरावर निघाला तेही कळतं.

आणि दोन्ही सोडवत नसतील तर एक दिवस घ्या: २९ ऑक्टोबर १९२०. असहकाराच्या लाटेत अलिगढचे विद्यार्थी कॉलेज सोडून निघाले होते आणि त्यांच्यासाठी तिथेच जामिया मिल्लिया ही सरकारी मदत न घेणारी राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभी राहत होती. पायाभरणीला आले महमूद हसन, माल्टाहून सुटून जेमतेम काही महिने झालेले. आजारी इतके, की त्यांचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात ते गेले.