बिनटाक्याची पुरुष नसबंदी, तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल – ५ पैकी ४ स्टार

दोन पोरी झाल्या, दोन्ही सिझर. दुसऱ्या सिझरलाच ऑपरेशन उरकून घ्या असं सिस्टर म्हणत होत्या पण आमची आई आडवी आली, अजून एक चान्स घ्या म्हणे. आता परत बायकोचंच पोट उघडायचं का, म्हणून मीच गेलो.

रांग शून्य. खरंच सांगतो, शेजारच्या हॉलमध्ये बायका सतरंजीवर ओळीने झोपलेल्या, बाहेर सासवा आणि तान्ही पोरं, आणि पुरुषांच्या बाजूला मी एकटाच. केस पेपर काढणारा म्हणतो, "पेशंट कुठंय?" म्हटलं मीच. त्याने दोनदा वर पाहिलं. मग समुपदेशनवाल्या मॅडम, "मिसेस नाही आल्या का, त्यांचंच करून टाकू की, तुम्हाला कामाला जायचं असतं." एक स्टार इथेच कापला.

डॉक्टर मात्र एक नंबर. भुलीचं इंजेक्शन चावतं तेवढंच, मग बारीकसं छिद्र, टाका नाही, पंधरा-वीस मिनिटात बाहेर, दुपारी घरी. दोन दिवस आराम, आठवडाभर सायकल आणि वजन उचलणं बंद. ताकद जाते वगैरे काही नाही, ते आणीबाणीपासून लोकांच्या डोक्यात बसलंय. १९७६-७७ च्या एका वर्षात ८० लाखांवर नसबंद्या केल्या, त्यात बहुतेक पुरुष आणि कितीतरी जबरदस्तीने, तेव्हापासून पुरुष जे पळाले ते अजून पळतायत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्व्हेत देशात शंभरातल्या ३८ विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषांचं किती, तर ०.३ टक्के.

आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर बघा. एक काका रोज लोकसंख्या स्फोट, कायदा करा, "त्यांना" आवरा असले फॉरवर्ड टाकतात (स्वतः सात भावंडं), दुसरे मामा आता उलटं, तीन तरी होऊ द्या, म्हातारपणी कोण बघणार. अहो महाराष्ट्रात त्याच सर्व्हेत एका बाईमागे १.७ पोरं आहेत, लोकसंख्या आहे तेवढीच राहायला २.१ लागतात, त्याच्या खाली कधीच गेलो, स्फोट कुठला? मी मेसेज टाकला की काका मी नसबंदी करून आलो, तर चोवीस तास कोणी गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही. आई आठ दिवस बोलली नाही ते वेगळंच.

महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशन झालं की लगेच मोकळं रान नसतं. तीन महिने दुसरं साधन वापरा, मग वीर्य तपासणी, ती क्लिअर आली की झालं. लोक हेच विसरतात आणि मग डॉक्टरला शिव्या, बायकोवर संशय. माझा रिपोर्ट परवा क्लिअर आला.

जाताना लंगोट किंवा घट्ट अंडरवेअर घरूनच न्या, तिथे मिळत नाही.