रॅम वाढवली, पण डेटाबेसला दिलीच नाही

लोहार चाळीत आमचं इलेक्ट्रिक मालाचं होलसेल दुकान आहे. दिवाळीच्या तोंडावर चार काउंटरवर बिलिंग चालतं, आणि गेल्या वर्षी नेमका तेव्हाच सर्व्हर रखडायला लागला. ओळखीतून आलेला माणूस म्हणाला, "शेठ, ८ जीबी रॅम पुरत नाही." त्याने ३२ जीबी बसवली, वर 'डेटाबेस ट्यूनिंग'चे १४ हजार घेतले. बिलं खरंच झपझप सेव्ह व्हायला लागली. रॅमही अस्सल होती, म्हणून शंका आलीच नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला. संध्याकाळी मेळ घालताना एकाच नंबरची दोन बिलं हातात आली. एक भिवंडीच्या पार्टीचं, आमच्या स्थळप्रतीवर त्यांची सही. कॉम्प्युटरमध्ये मात्र त्या नंबरवर दुसऱ्याच पार्टीचं नाव. जीएसटीत हे चालत नाही. त्या माणसाला बोलावलं तर म्हणे, "आता नवा सर्व्हरच घ्या, दीड लाख."

ऐरोलीला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने रविवारी येऊन मायएसक्यूएलच्या, म्हणजे आमची बिलं साठवणाऱ्या डेटाबेसच्या, सेटिंग उघडल्या. "मामा, हा आकडा बघ." इनोडीबी बफर पूल साइझ: १३४२१७७२८. म्हणजे १२८ एमबी, मायएसक्यूएल बसवताना आपोआप येते तेवढीच. बफर पूल म्हणजे डेटाबेसला कामासाठी दिलेली रॅममधली जागा; नोंदी आधी या जागेत बदलतात आणि मग सवडीने डिस्कवर उतरतात. नव्या रॅममधलं या जागेला काहीच दिलेलं नव्हतं.

मग वेग आला कुठून? 'फ्लश लॉग ॲट ट्रँझॅक्शन कमिट' ही सेटिंग त्याने १ वरून ० केली होती. १ असताना बिलाची नोंद डिस्कवरच्या लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) पोचल्याशिवाय 'सेव्ह झालं' असं येत नाही. ० वर ती मेमरीतच थांबते, साधारण सेकंदाला एकदा डिस्कवर जाते. तेवढ्यात वीज गेली की बिल गेलं, आणि त्याचा नंबर पुढच्या बिलाला. आमच्या बिलांशी हा खेळ आम्हाला न विचारता केला, याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

भाचीने ते परत १ केलं आणि पूल १६ जीबीचा केला. सगळी ३२ द्यायची नाही म्हणाली: बिलिंग सॉफ्टवेअर त्याच मशीनवर आहे, प्रत्येक कनेक्शन स्वतःची वेगळी मेमरी घेतं, आणि मेमरी संपली की लिनक्स, म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेसच बंद पाडू शकते.

रॅमचे पैसे देण्याआधी हे दोन आकडे शेजारी बसून बघा, काम झाल्यावर पुन्हा बघा, वहीत लिहून ठेवा.

आमच्या गल्लीत आणखी दोन दुकानांत तोच माणूस जातो. काल दोन्हीकडे जाऊन आलो. रॅम नवी, आकडा १३४२१७७२८.