साडेअठरा हजारांचा थ्री हेड डेक आणि भाजीच्या जुडीचा रबर

आधीच सांगतो, लांबण लागणार आहे. पण सध्या जुने कॅसेट डेक (अँप्लिफायरला जोडून कॅसेट वाजवायचं मशीन), अँप म्हणजे अँप्लिफायर, टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर यांच्या मागे बरेच जण लागलेत, त्यातला अजून एखादा माझ्यासारखा गंडू नये म्हणून सगळं लिहितोय, माझा स्वतःचा बावळटपणा पण धरून.

आमचे काका मिरजेचे. ते गेले आणि त्यांच्या लोखंडी ट्रंकेतल्या ६४ कॅसेटी माझ्याकडे आल्या. मेलट्रॅक, सोनी, टीडीके, आणि काही तर विकतच्या भजनांच्या कॅसेटी, ज्यांच्या पाठीवरच्या खाचेवर सेलोटेप लावून काकांनी वर आपलं रेकॉर्डिंग केलेलं. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथं काका टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसायचे. त्यामुळे कॅसेटीत निम्मं गाणं आणि निम्मं काकांचं "क्या बात है" आणि खोकला. हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि भावंडांना पाठवायचं एवढाच माझा विचार होता.

त्यासाठी साधा टू हेड डेक पुरला असता. खरंच पुरला असता, नुसतं वाजवायचंच तर होतं. पण हौस! वाचत वाचत थ्री हेडपर्यंत पोचलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढची सगळी गंमत इथंच आहे. हेड म्हणजे टेप ज्याला घासून जाते तो भाग. साध्या डेकमध्ये एक हेड जुनं रेकॉर्डिंग पुसतं आणि दुसरं हेड रेकॉर्ड आणि प्ले अशी दोन्ही कामं करतं. थ्री हेडमध्ये रेकॉर्डचं आणि प्लेचं हेड वेगळं असतं, त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असतानाच टेपवर नक्की काय उतरतंय ते लगेच ऐकता येतं. जपानच्या नाकामिची कंपनीनं १९७३ मध्ये असला पहिला कॅसेट डेक काढला, आणि आज त्यांच्या डेकच्या किमती बघितल्या की डोळे पांढरे होतात. तर अशा डेकवर पुढं एक खटका असतो, टेप आणि सोर्स. टेपवर ठेवला की कॅसेटमधलं ऐकू येतं, सोर्सवर ठेवला की मागच्या लाइन इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायची खोबण) जे काही जोडलंय ते. हा खटका लक्षात ठेवा.

खरेदी-विक्रीच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. जपानी थ्री हेड डेक, काट्याचे मीटर, लाकडी कडा, फोटो एकदम झकास. "फुल्ली सर्व्हिस्ड, नवीन बेल्ट, हेड ९०%." (बेल्ट म्हणजे मोटरवरून चकत्या फिरवणारा रबरी पट्टा, आणि हेड ९०% म्हणजे फारसं झिजलेलं नाही.) किंमत २२,००० सांगितली, घासाघीस करून १८,५०० ला आला. माणूस मुंबईकडचा, मराठी, बोलायला इतका गोड की काय सांगू. फोनवर अर्धा तास भीमसेनजी, कुमार गंधर्व, कोणती टेप कशी, टेपची सुस्स कमी करायला डॉल्बी बी चांगलं का सी. मला वाटलं आपल्यातलाच आहे, दर्दी माणूस आहे, हा कशाला फसवेल.

आता मागं वळून बघताना एक गोष्ट कळते. पठ्ठ्यानं जे जे काही ठासून सांगितलं ते सगळं फोनवर. मी चॅटवर विचारलं की "बेल्ट बदललेत ना?" की लगेच ह्याचा फोन यायचा, "दादा टाइप काय करत बसायचं, बोलूया ना". चॅटवर त्याच्याकडून आलेलं म्हणजे "हो दादा", अंगठा, आणि यूपीआयचा नंबर. आणि सौदा ठरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानं जाहिरात काढून टाकली, मला वाटलं माझ्यासाठी राखून ठेवला. स्क्रीनशॉट काढायचं सुचलंच नाही.

व्हिडिओ मात्र मागितला होता, तेवढी अक्कल होती. ४० सेकंदांचा व्हिडिओ आला. कॅसेट आत जाते, दार बंद, प्ले, चकत्या फिरतात, काटे मस्त नाचतात, आणि आवाज काय स्वच्छ! मी तो व्हिडिओ बायकोला दाखवला, ऑफिसात दाखवला, पोराला दाखवला. बायको एवढंच म्हणाली, "गाडी काढ आणि जाऊन बघून ये, तीन-चार तासांचा तर रस्ता." मी म्हणलं रविवारी जातो. शनिवारी ह्याचा फोन, "दादा अजून दोघं लाइनमध्ये आहेत, एक तर आज संध्याकाळी कॅश घेऊन येतोय, तुम्ही आपले म्हणून थांबलोय". तीन हजार टोकन लगेच टाकले, बाकीचे साडेपंधरा माल निघायच्या आधी. म्हणजे डेक डोळ्यांनी बघायच्या आत पैसे पूर्ण गेलेले.

कुरिअरनं पाठवतो म्हणाला होता, पाठवला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. सकाळी सहाला पुण्यात वाकडला पुलाखाली उभं राहून उचलला. पावतीवर नुसतं "१ नग, इलेक्ट्रिक सामान", ना किंमत ना काही. खोक्यात थर्माकोलचे दोन तुकडे आणि वर्तमानपत्राचे बोळे. घरी येऊन खोकं उघडतानाचं शूटिंग करायचं राहिलं, कारण मला धीरच नव्हता.

लावला. लाइट लागला, हुश्श झालं. नशीब काकांची कॅसेट आधी नाही घातली, घरातली एक कसलीतरी आरत्यांची घातली. प्ले दाबलं. मोटरचा घर्र आवाज, चकती फिरली, काटे ढिम्म. आवाज शून्य, नुसता सुस्स. मी आवाज वाढवला, वायरी हलवल्या, दुसऱ्या अँपला लावून बघितला. साधारण एका मिनिटानं चकती थांबली पण आतला रूळ फिरतच राहिला आणि टेप बाहेर यायला लागली, शेवयांसारखी. दार उघडलं तर रबरी रोलरला चार-पाच फेरे गुंडाळलेले. आरत्या गेल्या.

त्याला फोन. "निघताना चालू होता दादा, ट्रान्सपोर्टमध्ये झालं असेल." दुपारी, "तुम्ही काहीतरी चुकीचं लावलं असेल." संध्याकाळी, "जुनी वस्तू आहे, नो रिटर्न सांगितलं होतं ना." (सांगितलं नव्हतं, पण सांगितलं नव्हतं हे तरी कशावरून दाखवणार.) रात्री फोटो गायब, निळ्या टिका बंद.

दोन दिवसांनी डेक काखोटीला मारून बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या आसपास जुने मेकॅनिक अजून आहेत, त्यातल्या एकांकडे एका मित्रानं पाठवलं. सत्तरीचे असतील. त्यांनी वरचं झाकण काढलं, आत बघितलं आणि काही न बोलता चिमट्यानं एक वस्तू बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. रबर बँड. कोथिंबिरीच्या जुडीला असतो तसला, पिवळा. बेल्टच्या जागी. मूळ बेल्ट कधीच विरघळून डांबर झालेला, पुलीवर काळा चिकट थर तसाच. ह्या जुन्या बेल्टांचं आपल्या दमट हवेत असंच होतं म्हणे, नुसते पडून राहिले तरी. म्हणजे "फुल्ली सर्व्हिस्ड" मशीनची कुणी साधी पुलीसुद्धा पुसलेली नव्हती.

मग हेड. नखानं चाचपून बघा म्हणाले, तर टेप जिथून जाते तिथं चक्क पायरी लागली बोटाला, इतकं झिजलेलं. आणि प्लेच्या हेडच्या चार बारीक वायरी मुळापासून कापून सेलोटेप मारलेला. "ह्याला थ्री हेड कोण म्हणालं? दीड हेड आहे हा," असं म्हणून हसले. जुळं हेड असतं ह्यात, रेकॉर्ड आणि प्ले एकाच डबीत, आणि ते सुटं मिळणं म्हणजे मुश्कीलच.

मी म्हणलं अहो पण व्हिडिओत तर वाजत होता. दाखवा म्हणाले. चष्मा कपाळावर घेऊन, मोबाईल नाकाला लावून बघितला, दोनदा बघितला. मग मला म्हणाले, आता आवाज बंद करून बघा, आणि फक्त बोट बघा.

बघितलं. १४ व्या सेकंदाला बोट प्लेवर पडतं. काटे १३ लाच नाचायला लागलेत.

आणि खटका सोर्सवर. आणि उजव्या कोपऱ्यात डेकच्या मागून एक लाल-पांढरी वायर टेबलाखाली चाललीय, जिथं बहुतेक दुसरा मोबाईल होता. म्हणजे मी ज्याच्यावर इतका खूश होतो तो स्वच्छ आवाज कॅसेटचा नव्हताच, मोबाईलमधलं गाणं लाइन इनमधून आत जाऊन बाहेर येत होतं, काटे त्यावरच नाचत होते, आणि कॅसेट बापडी रबर बँडवर नुसती फिरत होती. सुस्स आवाज अजिबात नाही तिथंच मला कळायला हवं होतं, जुन्या कॅसेटला थोडी तरी सुस्स असतेच की. आणि मजा म्हणजे हे असलं थ्री हेडवरच इतक्या सहज जमतं, साध्या डेकवर खटकाच नसतो. माझी हौसच नडली.

तर हा सोर्सवाला प्रकार टाळायचा असेल तर काय मागायचं ते त्या मेकॅनिकांनीच सांगितलं. विकणाऱ्यानं आयता पाठवलेला व्हिडिओ धरायचाच नाही. त्याला म्हणायचं, आजची तारीख आणि माझं नाव बोलून कॅसेटवर रेकॉर्ड कर, रिवाइंड कर, आणि मागच्या लाइन इनच्या वायरी काढून, मागची बाजू दाखवत, न थांबता तेच परत ऐकव. रेकॉर्ड, प्ले, रिवाइंड, बेल्ट, सगळं एका फटक्यात कळतं. जो खरा आहे त्याला दहा मिनिटं लागतात. मागच्या पत्र्यावरच्या व्होल्टेजचा फोटोपण मागा, जपानमध्ये विकायचे ते १०० व्होल्टचे असतात, अमेरिकेतले १२० चे, आपल्या २३० ला थेट लावला तर ट्रान्सफॉर्मरचा धूर. स्पीकर घेत असाल तर जाळी काढून फोटो मागा, माझ्या मेव्हण्याला जाळीसकट फोटो पाठवलेले आणि घरी आल्यावर वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावताच बिस्किटासारखा चुरा झाला. टर्नटेबल असेल तर वरची जड थाळी आणि टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) मागचं वजन काढून वेगळं बांधणार का ते विचारा, नाहीतर रस्त्यात आर्मची वाट लागते. आणि जे काही ठरेल ते चॅटवर लिहून घ्या, फोन आला तरी ठेवल्यावर आपण टाइप करा, "आत्ता बोलल्याप्रमाणे बेल्ट नवीन आहेत, बरोबर?"

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, नंबर मिळाला. चौकीतपण गेलो. तिथले हवालदार भले होते, म्हणाले फसवणुकीचं ४२० कलम आता राहिलं नाही, नवीन कायद्यात ३१८ आहे, पण साहेब, वस्तू तर आलीय ना तुम्हाला? पैसे घेऊन काहीच पाठवलं नाही असं असतं तर गोष्ट वेगळी. वस्तू सांगितली तशी नाही हे दाखवायला लेखी काय आहे? माझ्याकडे काय होतं, "हो दादा" आणि अंगठा. शेवटी तो व्हिडिओच कामाला आला. १३ व्या आणि १४ व्या सेकंदाचे दोन फोटो काढले, वायरीवर गोल केला, तक्रारीच्या नंबरासकट बहिणीच्या मोबाईलवरून त्याला पाठवले. रात्री साडेअकराला ४,००० आले, खाली शेरा, "माणुसकी म्हणून". पुढं काही नाही.

डेक त्या मेकॅनिकांच्या दुकानात माळ्यावर आहे, हेड मिळालं तर बघू. कॅसेटी सध्या शेजारच्या आजोबांच्या टू हेड डेकवर उतरवतोय, ११ झाल्या. काकांचा खोकला अगदी स्पष्ट ऐकू येतो.

आणि हे आत्ता का लिहितोय, तर परवा दुसऱ्या एका ॲपवर तोच व्हिडिओ दिसला. गाव वेगळं, नाव वेगळं, किंमत २४,०००. टेबलावरचा चौकटीचा कपडा तोच. तुम्हाला कुणाला आला असेल तर आवाज बंद करा आणि १३ व्या सेकंदाला थांबवा, वायर उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आहे.