होडीत घालायचे पाण्यातले बूट: तीन जोड वाया गेल्यावर चौथा जमला

आधीच सांगतो, मी काही मोठा फिशिंगवाला नाही. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत महिन्यातनं दोनदा, रविवारी पहाटे साडेचारला नाशिकहून निघायचं, दारणाच्या बॅकवॉटरला ओळखीच्या नानांची होडी, अकरापर्यंत गळ टाकून बसायचं आणि ऊन डोक्यावर आलं की घरी. धरणातली मासेमारी सोसायटीकडे ठेक्यानं असते, त्यामुळे त्यांना विचारून, त्यांचे पैसे देऊनच. एवढाच शौक. पण या एवढ्याशा शौकापायी बुटांवर जे पैसे घातलेत ना त्यात गळाचं एक झकास रील आलं असतं राव.

पहिल्या वर्षी रबरी स्लीपर घालून गेलो. फायबरची होडी, तळाला बोटभर पाणी, त्यात माशाचा चिकटा, म्हणजे साबण लावलेल्या फरशीवर उभं राहिल्यासारखंच. एक चिलापी गळातनं सुटून पायाशी तडफडायला लागली, मी धरायला वाकलो आणि स्लीपर पुढं, पाय मागं. तिच्या पाठीवरचे काटे अंगठ्याच्या बाजूला असे घुसले की दोन दिवस बूट घालता येईना. आणि एक स्लीपर पाण्यात तरंगत निघाली ती वेगळीच, नाना वल्ह्यानं तिला ओढत होते आणि हसत होते.

मग मी शहाणपणा करून गमबूट घेतले. नानांनी होडीत पायच ठेवू दिला नाही. "दादा, हे काढा आधी. पडलात तं भरत्याल, मंग कसं करणार?" मला वाटलं उगाच घाबरवतायत. पण नीट विचार केला तर बरोबर आहे, पाण्यात असताना बुटातल्या पाण्याचं वजन जाणवत नाही हे खरं, पण पाय मारता येत नाहीत, आणि काठ धरून परत होडीत चढायला गेलं की दोन्ही पायाला भरलेल्या बादल्या बांधल्यासारखं होतं. लाइफ जॅकेट घातलेलं असलं तरी गमबूट नकोच.

तिसरे ऑनलाइन मागवले, ते मोज्यासारखे ताणून घालायचे असतात ते. होडीत भारी वाटले, पाय अगदी मोकळे. पण सोल पापडाएवढा. काठावर उतरलो आणि दहा पावलांत वेड्या बाभळीचा काटा आरपार. आपल्याकडच्या धरणांच्या काठाला ही बाभूळ किती माजलीय ते जाणाऱ्याला माहितीय. ते बूट स्विमिंग पूलसाठी ठीक, आपल्यासाठी नाही.

आता चौथा जोड. हा मेन रोडच्या एका गल्लीतल्या जुन्या दुकानातनं घेतला, साडेअकराशे सांगितले, हजाराला दिला. वरून जाळी, पुढं अंगठ्यावर रबराची टोपी, सोलला बाजूनं आणि खालून भोकं, लेस नाही तर इलास्टिकची दोरी आणि दाबून सरकवायचं बटण. नावाजलेली कंपनी वगैरे काही नाही. दुकानात मी एकच हट्ट धरला. म्हटलं, शेठ जरा फरशी ओली करता का. शेठ आधी बघतच राहिले, मग पोऱ्याला म्हणाले ओत रे बाटली. पाच जोड घालून त्या ओल्या फरशीवर मी मागं-पुढं चाललो, गिऱ्हाईकं बघत होती, बघू देत. दोन जोड तिथंच सटकले, आणि गंमत म्हणजे त्यातला एक सगळ्यात महागाचा, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारख्या नक्ष्या असलेला.

त्याचं कारण असं की खोल नक्षी चिखल-मातीसाठी असते. गुळगुळीत ओल्या फायबरवर ती गोष्ट चालत नाही, तिथं मऊ रबर पाहिजे आणि त्याला बारीक बारीक चिरा पाहिजेत, म्हणजे पायाखालचं पाणी चिरांतनं बाजूला जातं आणि रबर तळाला टेकतं. ही आयडिया जुनी आहे, १९३५ साली पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकन माणसानं बोटीवर घालायचे बूट काढले ते आपल्या कुत्र्याचे पंजे बघून, बर्फावर कुत्रं घसरत नव्हतं आणि पंजाला खाली चिरा होत्या म्हणून. दुकानात बघायची सोपी खूण म्हणजे सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबायचं. नख थोडं रुतलं तर घ्या, टणक लागलं तर ठेवून द्या.

साइजचं पण सांगतो. संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात, आणि मोजे न घालता घालून बघा. होडीत तीन-चार तास पाय लोंबकळत बसलं की असेच सुजतात. पण म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका, ओला पाय आत सरकतो आणि टाचेचं सालपट निघतं. माझा नेहमीचा आठ, आठच घेतला.

घरी आल्यावर बायको नसताना किचनच्या काट्यावर ठेवून बघितले. कोरडे दोन्ही मिळून ४७० ग्रॅम, बादलीत बुडवून काढून एक मिनिट निथळल्यावर ६१०. म्हणजे पाणी खरंच बाहेर जातं, नुसतं खोक्यावर लिहिलेलं नाही. होडीत चालताना पचपच होते पण दहाएक मिनिटांत बंद.

दोन उन्हाळे झाले, घसरलो नाही. पण अगदी गुणाचे पुतळे समजू नका. ज्या भोकांतनं पाणी बाहेर जातं त्यातनंच गाळ आत येतो. मे महिन्यात पाणी मागं हटलं की काठाला जो काळा लगदा उरतो त्यात पाय घोट्यापर्यंत जातो, बूट पायातच राहतो कारण टाच पूर्ण बंद आहे, पण आत वाळू आणि चिखल असा भरतो की गाडीत बसायच्या आधी आतली गादी काढून धुवावीच लागते. न धुता डिकीत ठेवले तर तिसऱ्या दिवशी वास म्हणजे विचारू नका, घरात माझ्यासकट बूट बाहेर. दुसऱ्या उन्हाळ्यात डाव्या बुटाची पुढची टोपी उचकटली, शालिमारला चांभारकाकांनी साठ रुपयात शिवून दिली, तेव्हापासून शाबूत. आणि वाळवायचे सावलीत, आत पेपर कोंबून.

क्रॉक्स टाइप फोमचे चालतात का असं ऑफिसात दोघांनी विचारलं. हलके आहेत, पाण्यात पडले तर तरंगतात, मागचा पट्टा टाचेवर घेऊन घातले तर होडीत वाईट नाहीत. पण वरच्या भोकांत तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, अडकतो, एकदा गळही अडकला होता, नशीब बोटापर्यंत गेला नाही. दुसरं म्हणजे ऊन. भाच्यानं त्याचे लोकल फोमचे मे महिन्यात दिवसभर कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत ठेवले, संध्याकाळी पायात जाईनात, तो फोम उष्णतेनं आक्रसतो. आमच्या वडिलांच्या पिढीचा सँडक पण कुणी सुचवेल. पावसात बाजारहाट करायला उत्तम, पण उन्हात बसून प्लास्टिकमध्ये पाय उकडतात.

पुढच्या रविवारी दाजी येतायत बरोबर. काल फोनवर म्हणाले, माझ्याकडं लेदरचे फ्लोटर आहेत, चांगले महागाचे, चालतील ना? म्हटलं दाजी, लग्नाला घाला ते. शनिवारी संध्याकाळी मेन रोडला या, आणि येताना पाण्याची बाटली आणा, शेठ आता मला बघून बाटली लपवतो.