काखेतल्या गाठी: एआयचं वाचन की सेंटिनेल बायोप्सी?

स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला की पुढचा प्रश्न काखेचा. तिथवर गेलाय का? बायकोच्या वेळी आमच्यापुढे दोन वाटा होत्या. सोनोग्राफी आणि एमआरआयचे फोटो एआयकडून वाचून घ्यायचे आणि त्यावर विसंबायचं, किंवा ऑपरेशनमध्येच सेंटिनेल गाठी, म्हणजे कॅन्सर स्तनातून पसरताना काखेत ज्या सर्वांत आधी लागतात त्या, काढून तपासायच्या.

एआयचा मोह मलाच जास्त होता. सुई नाही, चिरा नाही, रिपोर्ट दोन दिवसांत मोबाइलवर. नाशिकच्या गंगापूर रोडला गाडी बाजूला घेऊन तो उघडला. काखेतल्या एका गाठीभोवती लाल चौकट आणि खाली लिहिलेलं: शक्यता २३ टक्के. बायको म्हणाली, "अहो, पण आहे की नाही?" मला उत्तर देता येईना. सर्जननी तर स्पष्टच सांगितलं, आकडा ५ आला असता तरी मी काख तपासलीच असती. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. त्या आकड्याने काळजी वाढवली, काम एकही कमी केलं नाही.

पेट स्कॅनचंही विचारून झालं. त्यात जुन्या टीबीच्या किंवा साध्या सुजेच्या गाठीही चमकतात आणि बारीक ठिपके सुटतात, म्हणून तो विषय तिथेच सोडला.

सेंटिनेलमध्ये त्रास नाही असं नाही. या गाठी ओळखायला टोचतात त्या निळ्या डायमुळे दुसऱ्या दिवशी तिची लघवी हिरवट झाली. सिस्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. तीन गाठी काढल्या. फ्रोजनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या झटपट तपासणीत, तिन्ही स्वच्छ. आठवड्याने आलेल्या पक्क्या रिपोर्टमध्ये मात्र एकीत कॅन्सरचा १.२ मिलिमीटरचा ठिपका निघाला. एवढं बारीक कुठल्या फोटोत दिसलं असतं असं मला वाटत नाही. २ मिलिमीटरच्या आतला असल्यामुळे सगळी काख साफ करावी लागली नाही, हात सुजण्याची भीती बरीच कमी झाली, आणि पुढची औषधं ठरवताना डॉक्टरांच्या हातात नेमकी माहिती होती.

प्रत्येकीची केस वेगळी, हे मान्य. स्तनातली गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर सेंटिनेलही टाळता येते असं २०२३ साली आलेल्या, इटलीतून चालवलेल्या साउंड चाचणीत दिसलं. तुमचं त्यात बसत असेल तर सर्जनना जरूर विचारा. आमची गाठ अडीचची होती.

एआयवर माझा राग नाही. मला ते स्लाइड, म्हणजे काढलेल्या गाठीचे काचेवरचे पातळ काप, वाचताना जास्त कामाचं वाटतं. २०१६ च्या कॅमेलियन या एआय प्रोग्रामांच्या स्पर्धेत परीक्षेला काखेतल्या गाठींच्या १२९ स्लाइड्स होत्या. घड्याळ लावून बसवलेल्या ११ पॅथॉलॉजिस्टपेक्षा तिथला सर्वांत चांगला प्रोग्राम सरस ठरला. घाई नसलेल्या पॅथॉलॉजिस्टच्या मात्र बरोबरीचाच.

तरीही फोटो एआयकडे पाठवायचे असतील तर सेंटरवर फिल्म घेऊन निघू नका, मूळ फाइल असलेली सीडी मागा. आम्हाला त्यासाठी मुंबई नाक्याला दुसरी खेप घालावी लागली.